अडीच फेऱ्यांचा नवस

"रविवारनंतर तू चप्पल घालशील, आई," रिया म्हणाली. म्हणताना तिने मान वरसुद्धा केली नाही. पलंगाच्या कडेला बसून ती गुडघ्याचा पट्टा आवळत होती, आणि रविवारनंतर सिलिंडर बदलावा लागेल असं कुणी म्हणावं तितक्या साधेपणाने तिने ते म्हटलं. मनिषा बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय पुढे करून बसली होती. पूजा आटोपली होती, देवघरातलं निरांजन अजून तेवत होतं, आणि पळीत वितळवलेलं कोकमतेल ती टाचांच्या भेगांत थेंबथेंब सोडत होती. थेंब भेगेत उतरला की चर्र होतं, मग सुख वाटतं. रोजचंच होतं ते. पण आज त्या वाक्यासरशी तिच्या पायांना आधी सुख वाटलं. पाय आपले आपणच सैलावले, अंगठे हलले, जणू त्यांनीच ते ऐकलं होतं. आणि मग मागाहून, पोटऱ्यांमधून वर चढत, भीती आली. "रविवारी निवड आहे म्हणून म्हणतेस?" तिने विचारलं. "हो ना." "देवीच्या मनात असेल तर होईल." "यंदा देवीच्या मनावर नाही, आई. पॉइंटवर आहे," रिया हसून म्हणाली. तिने चाकांच्या बुटांची पिशवी खांद्याला लावली, आजीच्या पाठीवर जाता जाता एक थाप मारली, आणि लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. पळीतलं तेल गोठून पांढरं झालं तरी मनिषा तिथेच बसून होती.

हिशेब तिला कळत होता, म्हणूनच ती भ्यायली होती. निवड राज्याच्या संघासाठी होती, आणि नव्या नियमांप्रमाणे अडीच फेऱ्यांची उडी घेतल्याशिवाय कुणाची निवड होणं शक्य नव्हतं. मुली तिला नुसतं 'अडीच' म्हणत. चाकांच्या बुटांवर वेगाने यायचं, एका पायावरून हवेत जायचं, हवेत अंगाभोवती अडीच फेऱ्या घ्यायच्या आणि मागे तोंड करून एका पायावर उतरायचं. खाली चार चाकं आणि चाकांखाली सिमेंट. रियाला अडीच येत नव्हती. म्हणजे दोन यायची, अगदी देखणी यायची, पण अडीचला ती पडायची. पाठीवर, कुशीवर, एकदा मानेच्या बाजूवर. घरी येऊन मानेला कैरीएवढं टेंगूळ दाखवत ती हसली होती. तेव्हा रविवारनंतर तू चप्पल घालशील याचा अर्थ एवढाच होता, की रविवारी मी ती उडी मारणार.

नवस मनिषाने कुणाला विचारून बोललेला नव्हता. मागच्या होळीनंतर उरणकडच्या खाडीकाठी, तिच्या माहेरी, गावदेवीची पालखी दारात आली. पालखीच्या दांड्याला कपाळ टेकलं आणि तोंडातून निघूनच गेलं: माझी रिया राज्याच्या संघात जाईपर्यंत पायाला चप्पल लावणार नाही. तेव्हा रिया आसपासच्या सगळ्या स्पर्धांत पहिली येत होती. फार तर पावसाळ्यापर्यंत, असंच तिला वाटलं असणार. देवीशी बोलताना माणूस मनातल्या मनात तारीख धरून ठेवतो, आणि देवी तारखेचं काही बोललेली नसते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. पनवेलच्या बाजारात मासळीच्या पाण्यातून, एसटी स्टँडच्या तापलेल्या डांबरावरून, शाळेच्या पालकसभेला गुळगुळीत टाईल्सवरून ती अनवाणी चालत राहिली. रिक्षावाले आधी पायांकडे बघत, मग नमस्कार केल्यासारखी मान हलवत. तिला त्याचं काही वाटत नसे. व्रतं तिला लहानपणापासून सोयीची होती. दिवसाला एक कणा मिळतो, सकाळी उठून काय करायचं ते ठरलेलं असतं. पण हे व्रत घेतलं तेव्हा रियाचा खेळ वेगळा होता. आता खेळच बदलला होता, आणि बोललेला शब्द मात्र तसाच होता. देवीला नियम बदलल्याचं कळलं असेल का, असा विचार तिच्या मनात आला आणि तिने पटकन दोन्ही कानांना हात लावले.

कळंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लोखंडाच्या गोदामाची एक जुनी शेड आहे, तिथे रियाचा सराव चालतो. वरती अजून क्रेनचा तुळईसारखा लोखंडी दांडा आडवा आहे, आणि शेजारच्या गोदामात पत्रे उतरवले की सगळी शेड घंटेसारखी वाजते. खालचं सिमेंट घासून घासून आरशासारखं केलेलं. रिया इतकीशी होती तेव्हा मनिषा तिला तिथे पहिल्यांदा घेऊन गेली, आणि तिला स्वतःला आवडलं ते काय, तर जमिनीवर निळ्या रंगाने काढलेली वर्तुळं. मोठमोठी, एकमेकांना चिकटलेली. मुलांनी एका पायावर त्या रेषेवरून जायचं, आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं, रेष न सोडता. परीक्षक उकिडवे बसून चाकाची खूण तपासत. देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच आहे हे, मनिषाला वाटलं होतं, फक्त मध्ये देव नाही. रियाची वर्तुळं पाहायला इतर मुलांच्या आया आपलं बोलणं थांबवत. घाई नाही, झटका नाही. पाणी जसं वाट काढतं तशी ती रेषेवरून जायची. त्या वेळी निम्मे गुण वर्तुळांचे होते, निम्मे उड्या आणि नाचाचे. उडीत पडलं की त्या उडीला भोपळा. सरळ होतं सगळं. सरळ नव्हतं ते परीक्षकांचं. पाच माणसं पाट्या वर करत, आणि ज्यांच्या ओळखीची मुलगी असेल तिची पाटी जड होई. एका मोठ्या स्पर्धेत रियाने चूक म्हणून केली नाही आणि तरी ती पाचवी आली. बक्षीस देताना एक परीक्षक पहिल्या आलेल्या मुलीच्या आईला "घरी कधी येता?" असं विचारत होते. त्या दिवशी मनिषा, जी सभेत कधी हळदीकुंकवाच्या आमंत्रणापलीकडे बोलली नव्हती, ती पालकांच्या बैठकीत उभी राहिली. आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी "जरा मोठ्याने" म्हटलं. ती म्हणाली, "मोजता येईल असं काहीतरी करा. मर्जी नको. उघड मोजा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर वरून नवे नियम आले, तेव्हा लोक तिला म्हणाले, बघा, तुमचं ऐकलं.

उघड मोजता येतं ते उडीचं. वर्तुळ कितीही देखणं असलं तरी मोजता येत नाही, म्हणून वर्तुळं गेली. त्याला बघायला माणसं येत नाहीत, असंही कुणीतरी म्हणालं. निळ्या रेषांवर करडा रंग फासला गेला. आता प्रत्येक उडीची किंमत ठरलेली. चित्रण थांबवून थांबवून हवेतल्या फेऱ्या मोजायच्या, आणि फेऱ्या पुऱ्या झाल्या असतील तर मग खाली येऊन मुलगी पडली तरी थोडेच गुण कापायचे. पडून उठलेली अडीच ही उभ्याने उतरलेल्या दोनपेक्षा जास्त भरायची. जानेवारीत हेतल पडली तेव्हा हे मनिषाने डोळ्यांनी पाहिलं. हेतल कापडबाजारातल्या पेढीवाल्यांची, रियापेक्षा वर्षभराने मोठी, गोरी, किडकिडीत. ती अडीच घेऊन हनुवटीवर आली. आवाज असा झाला की शेजारच्या गोदामात पत्रा पडला असंच आधी सगळ्यांना वाटलं. ती उठली, हनुवटीला रुमाल धरून तिने उरलेला नाच पुरा केला, आणि रुमाल लाल होत असताना फळ्यावर तिचं नाव पहिलं आलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत मनिषाही होती. हात आपोआप वर गेले होते. परतताना रिक्षात रिया बाहेर बघत होती. मग म्हणाली, "हेतल पडली आणि जिंकली. मी उभी राहिले आणि हरले." त्यात राग नव्हता. शाळेत शिकवलेला नवा नियम पोरं घरी येऊन म्हणून दाखवतात, तसं तिने ते म्हणून दाखवलं.

तेव्हापासून मनिषाला शेडमध्ये बघवत नसे. ती डोळे मिटून बसायची आणि ऐकायची. लोकांना वाटे, जप चाललाय. चाकांचा आवाज एकसारखा घरघरत येतो, तो वाढतो, आणि मग एकदम थांबतो. मुलगी हवेत असते तेव्हा आवाज नसतो. तेवढी एक पोकळी. तिला सवय लागली होती, पोकळी सुरू झाली की मनात 'आई गावदेवी' म्हणायचं. दोन फेऱ्यांच्या उडीला नाव अर्ध्यात असतानाच चाकं जमिनीला लागत. अडीचला पूर्ण नाव बसायचं. पूर्ण नाव उच्चारून झालं, शेवटची वेलांटी ओठांवरून गेली, की मग तो आवाज: चाकांचा नाही, अंगाचा. ओल्या कपड्याचा पिळा दगडावर पडावा तसा. हा आवाज आता तिला घरी भाकरी थापतानाही ऐकू येई. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली की ती थांबे. कुकरची शिट्टी संपून पुढची येण्याआधीची शांतता तिला सोसवत नसे.

"मनिषे, त्या टाचांना काय भिंतीसारका गिलावा करतंस?" सासूबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. गंगाबाईंची जमीन विमानतळात गेली, त्या जागी हा आठव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि मनिषाच्या नवऱ्याचे, हरेशचे, दोन डंपर आले, पण त्यांची जीभ गावातच राहिली होती. "चप्पल घाल नं. देवी काय तुज्या टाचा बघत बसली हाय?" "आमच्या वेलेला कोनाकरं चपला व्हत्या? आमचा सगल्यांचा नवसच व्हता मंग." त्या स्वतःच्याच बोलण्यावर खुदखुदल्या. मनिषाने पळी उचलली आणि पाठमोरं होऊन विचारलं, "आई, नवस मोडला तर काय होतं?" "माला काय म्हाईत. मी कदी केलाच नाय. मी देवीला सांगतंय, तुला पायजे ता घे, माला पायजे ता दे, ईसाब नको." समोर टीव्ही चालू होता. मालिकेतलं कुणीतरी रडत होतं. आवाज कमी करून गंगाबाई म्हणाल्या, "पन येक सांगतंय. नवस तुजा हाय, न् फेडतंय कोन? ती पोर." मनिषाच्या हातातली पळी सिंकमध्ये वाजली.

ती पोर. पळी धुताना मनिषाला एकदम पितळेचं ताट दिसलं. ताटात भात, भातावर कालवण, आणि ताटासमोर बसलेली तिची आई, भामा, मान खाली घालून जेवणारी. घर मिठागराच्या कडेला होतं. बाप, महादेव, मिठागरात चिखल तुडवून जमीन बसवायचा. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत मीठ फुललेलं असायचं, भिंतीला चुना लावावा तसं. ओसरीत पोत्यांच्या थप्प्या, परसात ढीग, हवेतसुद्धा मीठ. ओठांवरून जीभ फिरवली तरी खारट. त्या घरात भामाने मीठ सोडलं होतं. मनिषा दहावी पास होईपर्यंत अळणी खायचं, असा नवस. गावातल्या बायका येऊन कौतुक करत. मिठागरवाल्याची बायको नि मीठ सोडलंन्, लेकीसाठी. आणि लेक गणितात नापास झाली. निकालाच्या रात्री जेवताना आईने आपल्या वाट्याचं कालवण वेगळं काढलं, बिनमिठाचं, आणि शांतपणे कालवून खाल्लं. तो घास मनिषाला आपल्याच घशातून उतरताना जाणवला होता. नंतर ती रोज आईच्या आधी जेवून उठायची, नाहीतर नंतर जेवायची. समोर बसायची नाही. पुस्तक उघडलं की आकड्यांच्या मागे ते ताट दिसायचं, आकडे फिरायचे. ऑक्टोबरला ती पास झाली, काठावर. आईने मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "लय खारट हाय गो." सगळे हसले. मनिषा मागच्या दारी जाऊन ओकली होती. हे सगळं तिला आठवत होतं, अगदी त्या खड्याचा आकारसुद्धा. मग पालखीच्या दांड्याला कपाळ टेकलं तेव्हा ते आठवलं कसं नाही? की तेच आठवलं होतं, आणि ओठ आपोआप आईसारखे हलले? आपल्या घरात प्रेम करायची दुसरी रीत कुणी शिकवलीच नव्हती का? नळ चालूच राहिला होता. गंगाबाई हॉलमधून म्हणाल्या, "पानी काय तुज्या बापाचा हाय?"

संध्याकाळी ती शेडमध्ये गेली. रियाला शिकवणारे सत्यजीत सर चाकांना तेल देत होते. एके काळी ते स्वतः खेळायचे; त्यांचा उजवा घोटा वाकत नाही, जिना चढताना ते तो पाय बाजूने फिरवून टाकतात. मनिषाने अडीचचं काढलं तसे ते हातातलं फडकं खाली ठेवून उभे राहिले. "ताई, मीच तिला म्हटलं होतं, दोनची कर, सुंदर कर. ती म्हणाली, सर, सुंदरचे किती?" मनिषाने विचारलं, "हे न्यायाचं आहे का, सर?" त्यांनी घोट्यावरचा भार बदलला. "न्यायाचंच आहे. आधी मोठ्या स्पर्धांत आपल्या शेडमधल्या पोरांकडे परीक्षक बघायचेसुद्धा नाहीत. कळंबोलीची पोरं, लोखंडवाल्यांची. आता उडी मारली की द्यावेच लागतात. कुणाच्या बापाची मर्जी नाही. तुम्हीच तर म्हणाला होता." "मी मोजा म्हटलं होतं," मनिषा म्हणाली, "पाडा नव्हतं म्हटलं." ते खाली बघून हसले, पण हसू लगेच विझलं. "आणि डोकं आपटलं तर?" "सरावाला हेल्मेट घालतेच ती." "स्पर्धेत?" "स्पर्धेत पोशाखात बसत नाही." शेजारी पत्र्यांची गाडी रिकामी होऊ लागली आणि शेड घणघणली. आवाज थांबायची दोघं वाट बघत राहिली. मग सर म्हणाले, "तुम्हाला थांबवायचं असेल तर नाव काढून घ्या. आई आहात, तुमच्या शब्दावर निघेल. पण खरं सांगू? तिला मेडलचं नाही पडलेलं. मी विचारलं तिला, एवढी घाई का? म्हणाली, उन्हाळा आलाय." मनिषाला कळेना. "म्हणाली, आईचे पाय भाजतात."

शनिवारी दिवेलागणीला रिया हॉलमधल्या टाईल्सवर मोजे घालून फेऱ्यांचा सराव करत होती. उडी, फेरी, धप. उडी, फेरी, धप. मनिषाने देवापुढे दिवा लावला, पण हात जोडल्यावर काय मागायचं ते सुचेना. अडीच नीट उतरू दे म्हणावं तर तिला उडीत ढकलल्यासारखं होत होतं. नको म्हणावं तर दिलेला शब्द. आयुष्यात पहिल्यांदाच ती देवापुढे काही न मागता उभी राहिली, आणि ते उभं राहणं तिला उघडं वाटलं, जसं पदर नसताना दारात जावं. नाव काढून घ्यायचं तिने दोनदा मनात ठरवलं होतं. पण नाव काढलं तर रिया ती उडी पुढच्या महिन्यात मारेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. उन्हाळा तर वाढतच जाणार होता. ती बाहेर आली आणि म्हणाली, "रिया, मला चप्पल नसली तरी चालतं." "मला नाही चालत," रिया म्हणाली. उडी, फेरी, धप. "का गं?" "शाळेत तू येतेस ना, सगळे आधी तुझ्या पायांकडे बघतात. मग माझ्याकडे." ती थांबली. कपाळावर केस चिकटले होते. "तू माझ्यासाठी करतेस, मग मी तुझ्यासाठी करते. सिम्पल आहे." मनिषाच्या तोंडाशी सगळं आलं होतं, पितळेचं ताट, खडा, मागचं दार. पण ती म्हणाली, "जेवायला चल." जेवताना हरेश म्हणाला, "पडल्याशिवाय कोण शिकलंय? माझा ड्रायव्हर तीन वेळा ठोकून शिकला." रियाने एक घास खाल्ला, थांबली, आणि म्हणाली, "आई, भाजीत मीठ नाहीये." मनिषा उठली. मिठाच्या बरणीचं झाकण तिच्या हातून निघेना.

रविवारी शेडचे पत्रे सकाळपासूनच तापले होते. दारात काथ्याचं पायपुसणं, त्यापुढे चपलांचा ढीग. चाकाखाली वाळूचा एक कण आला तरी पोर उलथतं, म्हणून पायपुसण्याच्या आत कुणी चप्पल घालून यायचं नाही, हा शेडचा नियम. मनिषाला ती जागा त्यासाठीच आवडायची. आत सगळेच अनवाणी. तिचे पाय तिथे कुणाला दिसत नसत. गंगाबाई खास नातीसाठी आल्या होत्या. निळ्या रबरी सपाता ढिगाच्या कडेला नीट जोडीने ठेवून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. हेतल आधी उतरली. हनुवटीवर अजून गुलाबी वण होता. चाकांची घरघर वाढली, थांबली, मनिषाने डोळे मिटून पूर्ण नाव घेतलं, आणि तो आवाज आला. डोळे उघडले तेव्हा हेतल गुडघ्यांवर उठत होती, हसत होती, आणि हसता हसता गर्दीत कुणाला तरी शोधत होती. तिची आई टाळ्या वाजवत होती. फळ्यावर आकडा आला, मोठा होता. टाळ्या वाढल्या. या वेळी मनिषाचे हात मांडीवरच राहिले, एकमेकांत अडकलेले.

मग रियाचं नाव पुकारलं. ती मधोमध जाऊन उभी राहिली, एक चाक टेकवून, हात बाजूला. बिनहेल्मेटचं तिचं डोकं इतकं लहान दिसत होतं. वर क्रेनचा काळा दांडा, खाली करडा रंग, आणि त्या करड्यातून, वापराने झिजून, जुन्या वर्तुळाची निळी कड कुठेकुठे वर आलेली. संगीत सुरू होण्याआधी रिया आईकडे बघते हे मनिषाला माहीत होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, चेहऱ्याकडे बघते. आज तिने त्या नजरेची रेघ नीट पाहिली. रिया तिच्या पायांकडे बघत होती. कठड्याच्या खालच्या फटीतून, तिच्या काळवंडलेल्या, तडे गेलेल्या पायांकडे. देवाला बघावं तसं.

संगीतवाल्याचं काहीतरी अडलं होतं, तो वायर हलवत होता. मनिषा उठली. खुर्च्यांमधून वाट काढत दाराशी गेली. ढिगातून तिने पहिली हाताला आली ती जोडी उचलली, निळ्या सपाता, आणि ज्या पदराने ती रोज देवाची भांडी पुसायची त्या पदराने तिने त्यांचे तळवे घासून पुसले, एक कणही राहू नये म्हणून, पुन्हा पुसले, आणि पायात घातल्या. रबर पायाला परकं, गुळगुळीत लागलं. आई गावदेवी, जे काय करायचं ते माझं कर. "काकू, चप्पल बाहेर," दारातला स्वयंसेवक प्रितेश म्हणाला. ती थांबली नाही. "ओ काकू." फटक फटक असा आवाज त्या सगळ्या अनवाणी शेडमध्ये इतका मोठा झाला की लोक वळून बघू लागले. ती आपल्या जागेपाशी आली, कठड्याला धरून उभी राहिली आणि एक पाय जरा पुढे केला. रियाने बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मनिषाला नीट कळलं नाही. राग असेल, किंवा झोपेतून हलवून उठवल्यावर येतं तसं काहीतरी. तेवढ्यात संगीत सुरू झालं.

तिने डोळे मिटले. घरघर शेडच्या त्या टोकाला गेली, वळली, मोठी होत आली. ही तीच धाव होती, अडीचची, लांबून घेतलेली. कोपऱ्यावरचं ते वळण तिला आवाजावरून ओळखता यायचं. कळलं नाही तिला, मनिषाला वाटलं, पोरीला कळलंच नाही, की कळून रागाने मारतेय. कठड्याचा लोखंडी पाईप तळहाताला पोळत होता. आवाज थांबला. आई गाव... आणि चाकं लागली. टक्, आणि मग लांब, एकसारखी, मागे मागे जाणारी घरघर. नाव अर्ध्यातच होतं. तिने ते पुरं केलं नाही. डोळे उघडले तेव्हा रिया एका पायावर मागे सरकत होती, आणि सरकता सरकता, कुणी सांगितलेलं नसताना, गुण नसताना, ती त्या झिजलेल्या निळ्या कडेवरून गेली, पूर्ण वर्तुळ, जिथून निघाली तिथपर्यंत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सत्यजीत सर तेवढे उठून उभे राहिले.

निवड दोघींची होती, रिया तिसरी आली. हेतल कुशीवर हात धरून पायरीवर उभी होती. कठड्यापाशी येऊन रियाने बुटाचे बंद सोडले, बराच वेळ सोडत राहिली. "का घातलीस?" तिने खाली बघतच विचारलं. "पाय भाजत होते." "आत्ताच? इतके दिवस नाही ते?" "हो." रियाने एक बूट काढला, मोज्यातल्या पायाची बोटं दाबून बघितली. "मी मारली असती," ती म्हणाली. "माहीत आहे मला." "मग?" मनिषाने कठड्यावरून तिचा काढलेला बूट हातात घेतला. मग रिया अगदी हळू म्हणाली, "मला रोज रात्री तो आवाज ऐकू यायचा. पडल्याचा." आणि तिने दुसरा बूट काढायला घेतला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पायपुसण्यापाशी गंगाबाई रिकाम्या जागेकडे बघत उभ्या होत्या. मनिषाने घाईने सपाता काढायला पाय उचलला. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आहेत, आई. मी बघितलंच नाही कुणाच्या ते. मला नवस..." "माज्या चपला हायेत, म्हंजे पाप लागला तं निम्मा माजा. चल, रिक्षा बघ." आणि अनवाणी पावलांनी त्या तापलेल्या सिमेंटवर उतरल्या, चटका बसला तशी एक कचकचीत शिवी त्यांनी उन्हाला दिली, देवीला नाही. मनिषा मागून निघाली. तिला भीती वाटत होती. संध्याकाळी दिवा लावायचा होता, देवीच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं होतं, आणि काय सांगायचं ते माहीत नव्हतं. आज, उद्या, कधीतरी काहीतरी मागितलं जाईल, आणि ते आपल्याकडूनच मागितलं जावं, एवढंच मागणं तिच्या हातात होतं. सपाता तिच्या पायांना मोठ्या होत होत्या. रिया पिशवी खांद्याला लावून पुढे चालली होती, ताठ, रागावलेली, मागे न बघता. मध्येच सपातेचा अंगठा सुटला म्हणून मनिषा थांबली. पुढे रियाही थांबली. मनिषाने पाय पुन्हा आत सरकवला, दोन पावलं टाकली, आणि फटक फटक ऐकू आल्यावरच पोरगी पुढे चालू लागली.